अंगठा, करंगळी आणि ९५८५२ : हाताच्या हालचालीला दर कसा लागला

१/
अमेरिकेतील वैद्यकीय बिलांच्या जगात ९५८५२ हा एक पाच आकडी संकेतांक आहे. त्याचा अर्थ साधा : रुग्णाच्या हाताची हालचाल मोजली आणि तिचा लेखी अहवाल दिला; दुसऱ्या, धडधाकट हाताशी तुलना केलेली असो वा नसो. या रूक्ष ओळीमागे जवळपास पावणेचार हजार वर्षांचा हिशेब आहे. हा धागा त्या हिशेबाचा.

२/
हाताला किंमत लावण्याची कल्पना फार जुनी आहे. हाताच्या हालचालीला किंमत लावण्याची कल्पना त्या मानाने कालचीच. तुटलेले बोट न्यायाधीशाला दिसते, मालकाला दिसते, शेजाऱ्यालाही दिसते. आखडलेले बोट मात्र जागच्या जागी असते. ते किती आखडले हे कोणीतरी मोजावे लागते, त्या मोजणीवर इतरांनी विश्वास ठेवावा लागतो आणि मोजणाऱ्याच्या श्रमाचे पैसे कोणीतरी द्यावे लागतात.

३/
इ.स.पू. सुमारे १७५५. बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याची कायदेसंहिता काळ्या दगडाच्या स्तंभावर कोरली गेली. तो स्तंभ १९०१-०२ मध्ये इराणातील सूसा येथील उत्खननात सापडला. आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. डोळ्याला डोळा या न्यायासाठी ही संहिता सर्वांना ठाऊक असते. तिच्यातील वैद्यांच्या मेहनतान्याची कलमे मात्र सहसा कोणी वाचत नाही.

४/
मोडलेले हाड सांधून दिल्यास स्वतंत्र नागरिकाने वैद्याला ५ शेकेल चांदी द्यावी, मधल्या दर्जाच्या माणसाने ३ शेकेल, आणि रुग्ण गुलाम असेल तर त्याच्या मालकाने २ शेकेल. हाड तेच, उपचार तोच, दर तीन. आणि तिसऱ्या दरात पैसे भरणारा रुग्ण नव्हे, भलताच कोणी. विमा कंपन्यांच्या युगात हा प्रकार ओळखीचा वाटेल. त्याच यादीत आणखी एक नोंद आहे : मोठ्या शस्त्रक्रियेत वरच्या दर्जाचा रुग्ण दगावला, तर वैद्याचे हात तोडावेत.

५/
आपल्याकडे कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात एक छोटा अध्याय आहे : अवयव तोडण्याच्या शिक्षेऐवजी भरावयाच्या दंडाचा. गाठ कापणाऱ्या चोराला, म्हणजे त्या काळच्या खिसेकापूला, पहिल्या अपराधासाठी 'संदंश' तोडण्याची शिक्षा किंवा ५४ पण दंड. तिसऱ्या अपराधाला उजवा हात किंवा ४०० पण. येथे पैसा जखमी माणसाला मिळत नाही. अपराधी स्वतःचाच अवयव राजाकडून सोडवून घेतो. व्यवहार उलटा आहे, पण दरपत्रक ते दरपत्रकच.

६/
यातील 'संदंश' हा शब्द महत्त्वाचा. त्याचा मूळ अर्थ चिमटा. हातापुरता अर्थ, अंगठा आणि समोरचे बोट मिळून होणारी चिमूट. मराठी स्वयंपाकघरातील सांडशी ही याच शब्दाची लेक. कायद्याने येथे बोटाचे नाव घेतलेले नाही, बोटांच्या कामाचे घेतले आहे. गाठ कापायला जी पकड लागते, तीच काढून घ्यायची. हा शब्द लक्षात ठेवावा, धाग्याच्या शेवटी तो पुन्हा लागणार आहे.

७/
आता इंग्लंड. इ.स. ६०० च्या आसपास केंटचा राजा एथेलबर्ट याने कायदे लिहवून घेतले. बाराव्या शतकात रोचेस्टर येथे तयार झालेल्या एका हस्तलिखितात ते टिकून राहिले. त्यात डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत जवळजवळ प्रत्येक अवयवाची भरपाई ठरवलेली आहे. अंगठा तोडल्यास २० शिलिंग. अंगठ्याचे नख गेल्यास ३. मधले बोट ४, अनामिका ६ आणि करंगळी ११.

८/
करंगळीला मधल्या बोटाच्या जवळजवळ तिप्पट भाव का, हे कायदा सांगत नाही. मूठ घट्ट आवळून पाहिली तर एक अंदाज करता येतो : हत्याराची मूठ तळहाताशी दाबून धरण्याचे काम करंगळीकडचा भाग करतो. पण तो अंदाजच. आजच्या न्यूयॉर्क राज्याच्या कामगार भरपाई कायद्यात उतरण अगदी सरळ आहे : अंगठ्याला ७५ आठवड्यांची भरपाई, तर्जनीला ४६, मधल्या बोटाला ३०, अनामिकेला २५, करंगळीला १५. चौदा शतकांत करंगळी अकरावरून पार तळाला गेली. बोटांचे शरीरशास्त्र या काळात बदललेले नाही. बदलली ती बोटांकडून अपेक्षित कामे.

९/
एथेलबर्टच्या यादीत खांदा लुळा पडल्यास ३० शिलिंग अशीही एक नोंद आहे. म्हणजे अवयव जागेवर असूनही निकामी होऊ शकतो, याची जाण तेव्हाही होती. मात्र लुळा किंवा धडधाकट एवढे दोनच प्रकार. अर्धा लुळा, पाव लुळा हे मोजायला साधन नव्हते, आणि तशी गरज पडेल असे जीवनही नव्हते. ती गरज निर्माण केली यंत्राने.

१०/
मुंबई, सप्टेंबर १८८४. परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरली. बोलावणारे नारायण मेघाजी लोखंडे : ठाण्याचे, सत्यशोधक, 'दीनबंधु'चे संपादक. सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवायच्या निवेदनावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार या मागण्या शाळेच्या पुस्तकांतही येतात. त्यांच्याबरोबरची एक मागणी फारशी कोणाला आठवत नाही.

११/
ती अशी : कामावर गंभीर दुखापत झाल्यास कामगार बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अधू झाल्यास त्याच्या चरितार्थाची योग्य सोय व्हावी. गिरणीत माणसाचा हात सतत फिरत्या पट्ट्यांच्या, दातेरी चाकांच्या आणि धोट्याच्या शेजारी असे. मागणीत शब्द बोटांचा नाही, चरितार्थाचा आहे. हा फरक पुढे जवळजवळ शतकभर न्यायालयांना झुलवणार होता.

१२/
योगायोग पाहण्यासारखा आहे. त्याच वर्षी, जुलै १८८४ मध्ये, बिस्मार्कच्या जर्मनीत कामगारांच्या अपघात विम्याचा कायदा झाला. पूर्ण असमर्थ झालेल्या कामगाराला कमाईच्या दोनतृतीयांश इतके निवृत्तिवेतन, अंशतः असमर्थ झालेल्याला त्या प्रमाणात. 'त्या प्रमाणात' या दोन शब्दांनी जगभरच्या डॉक्टरांना नवे काम दिले. प्रमाण काढायचे तर आकडा हवा.

१३/
लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या प्लेगमध्ये गेले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ब्रिटनमध्ये कामगार भरपाईचा कायदा संमत झाला. ब्रिटनच्या वसाहतीतील कामगाराला मात्र आणखी पाव शतक थांबावे लागले.

१४/
भारताचा कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ चा. अंमल १ जुलै १९२४ पासून. सुपारीबागेच्या सभेला तेव्हा चाळीस वर्षे होत आली होती. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत अवयवांची यादी आणि त्यांसमोर 'कमावण्याच्या क्षमतेतील घट' टक्क्यांत दिलेली होती. उजवा हात कोपरातून किंवा त्याच्या वर गेल्यास ७० टक्के, डावा गेल्यास ६०. अंगठा २५. तर्जनी १०. तर्जनीखेरीज दुसरे कोणतेही बोट, ५.

१५/
टक्के म्हणजे प्रत्यक्षात किती, हे पाहिल्याशिवाय या आकड्यांची धार कळत नाही. प्रौढ कामगार कायमचा पूर्ण असमर्थ झाल्यास ४२ महिन्यांचे वेतन किंवा ३,५०० रुपये, यांतील कमी असेल ती रक्कम. महिना २० रुपये मिळवणारा माणूस उदाहरणादाखल धरला, तर पूर्ण भरपाई ८४० रुपये. अंगठा गेला तर २१० रुपये, म्हणजे साडेदहा महिन्यांची मजुरी. तर्जनीचे ८४. करंगळीचे ४२ रुपये, म्हणजे दोन महिने आणि तीन दिवस.

१६/
डाव्या-उजव्याचा भेद करताना डावखुऱ्या कामगाराचा विचार झालेला दिसत नाही. पुढे अनुसूची बदलली आणि हा भेद गेला. आज अंगठ्याला ३० टक्के, तर्जनीला १४, मधल्या बोटाला १२, अनामिका किंवा करंगळीला ७ टक्के असे आकडे आहेत. पेरागणिक वेगळे टक्केही आहेत : तर्जनीचे एक पेर गेले तर ९, दोन गेली तर ११.

१७/
अनुसूचीच्या तळाशी मात्र एक टीप आहे, आणि या धाग्याचा कणा तीच. अवयवाचा वापर संपूर्णपणे व कायमचा नाहीसा झाला, तर तो अवयव गेल्यासारखाच धरावा. म्हणजे आखडून काठीसारखे झालेले बोट आणि तुटलेले बोट कायद्यापुढे समान. पण निम्मेच आखडलेल्या बोटाचे काय? अनुसूची तेथे गप्प बसते आणि डॉक्टरकडे बोट दाखवते.

१८/
निम्मे आखडणे हाच तर हाताच्या दुखापतीचा नेहमीचा शेवट. बोट वाकवणारे मोठे स्नायू बोटात नसतातच, ते कोपराखाली असतात. तेथून कंडरा, म्हणजे दोरीसारखे चिवट तंतू, अरुंद बोगद्यांतून बोटाच्या टोकाकडे जातात. जखम भरताना हीच दोरी आजूबाजूच्या मांसाला चिकटते. मग स्नायू ओढतो, दोरी सरकत नाही, बोट अर्ध्यावर थांबते. हाड जुळलेले, कातडी भरलेली, क्ष-किरणाचे चित्र निर्दोष; आणि तरी लोटा धरता येत नाही.

१९/
पहिल्या महायुद्धाने अशा हातांची रांगच लावली. फ्रान्समध्ये जूल्स अमार या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने जखमी सैनिकांच्या अवयवांची ताकद आणि हालचाल यंत्रांनी मोजली, कृत्रिम हात तयार केले आणि कोणाला कोणत्या कामावर परत पाठवता येईल याचे कोष्टक मांडू पाहिले. त्याची भाषा कारखान्याची होती. माणसाला तो 'मानवी मोटर' म्हणे, आणि त्याच नावाचे त्याचे पुस्तक युद्धाच्या वर्षी, १९१४ मध्ये, आले होते. आज ते शब्द कानाला खटकतात. पण जखमी हाताकडे दयेने न पाहता मोजमापाने पाहण्याची सवय त्या पिढीने लावली.

२०/
मोजायचे साधन अगदी साधे : दोन पट्ट्या आणि मध्ये कोनमापक. अडचण साधनाची नव्हती, शून्य कुठे धरायचे याची होती. सरळ बोटाला कोणी १८० अंश म्हणे, कोणी शून्य. एका डॉक्टरचा अहवाल दुसऱ्याला उलटाच वाटे. केव्ह आणि रॉबर्ट्स या अमेरिकी शल्यविशारदांनी १९३६ मध्ये सरळ स्थितीला शून्य मानण्याची पद्धत मांडली, आणि १९६५ मध्ये अमेरिकी अस्थिशल्यज्ञांच्या अकादमीच्या पुस्तिकेने ती रूढ केली. बोटाचे तीन सांधे : मुळाशी ९० अंश, मधला १००, टोकाचा ७०. बेरीज २६०. निरोगी बोटाची पूर्ण हालचाल ती एवढी.

२१/
अंगठ्यासाठी फ्रेंच शल्यविशारद कापांजी यांनी १९८६ मध्ये कोनमापकही बाजूला ठेवले. अंगठ्याचे टोक तर्जनीच्या टोकाला लागले की ३ गुण, मधल्या बोटाला ४, अनामिकेला ५, करंगळीच्या टोकाला ६. तेथून करंगळीच्याच पेरांवरून खाली उतरत तळहातावरच्या रेषेपर्यंत पोचले की १०. वाचता वाचता कोणीही करून पाहावे. वेळ अर्धा मिनिट, खर्च शून्य.

२२/
दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने स्टर्लिंग बनेल यांच्या मार्गदर्शनाखाली हाताच्या उपचारांची स्वतंत्र केंद्रे उभारली आणि हात ही शल्यशास्त्राची वेगळी शाखा झाली. भारतात तिची वाट कुष्ठरोगातून गेली. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरला आले. मुंबईचे नोशीर अंतिया यांनी पुण्याजवळच्या कोंढव्याच्या कुष्ठ रुग्णालयात आणि पुढे जे. जे. रुग्णालयात हे काम केले. पंजासारख्या वळलेल्या हातांत चांगला कंडरा दुसरीकडे वळवून बोटांना पुन्हा पकड द्यायची, अशी ती शस्त्रक्रिया. या रुग्णांपैकी अनेकांचे एकही बोट तुटलेले नसे. अवयवांच्या यादीत त्यांचे नुकसान शून्य भरले असते.

२३/
मोजण्याची रीत ठरली. आता अंशांचे टक्के करणारे कोष्टक हवे होते. १९५८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने आपल्या नियतकालिकात हातपाय आणि पाठीच्या कायमच्या अधूपणाचे मार्गदर्शक प्रसिद्ध केले. त्याच्या उत्तरकालीन आवृत्त्यांत हाताची वाटणी अशी : अंगठा ४० टक्के, तर्जनी आणि मधले बोट प्रत्येकी २०, अनामिका आणि करंगळी प्रत्येकी १०. पंजा म्हणजे संपूर्ण बाहूच्या ९० टक्के, बाहू म्हणजे संपूर्ण माणसाच्या ६० टक्के. गुणाकार केला की पंजा माणसाच्या ५४ टक्के आणि एकटा अंगठा सुमारे २२ टक्के निघतो.

२४/
याच संस्थेने १९६६ मध्ये आणखी एक यादी काढली : डॉक्टर करतात त्या कामांची. प्रत्येक कामाला एक संकेतांक. आरंभी चार आकडी, १९७० पासून पाच आकडी. तिचे नाव सीपीटी. वृद्धांसाठीची मेडिकेअर योजना नुकतीच १९६५ मध्ये जन्मली होती आणि सरकार प्रथमच इतक्या मोठ्या प्रमाणावर डॉक्टरांची बिले भरू लागले होते. १९८३ मध्ये मेडिकेअरने डॉक्टरांच्या बिलांसाठी सीपीटी स्वीकारली. आता ज्या कामाला संकेतांक नाही, त्याचे पैसे मागणे अवघड होऊन बसले.

२५/
बिलावर दुसराही संकेतांक लागतो : काय केले याबरोबर, कशासाठी केले. हा आजाराचा संकेतांक वेगळ्या घराण्यातला. १८९३ मध्ये शिकागोच्या सांख्यिकी परिषदेत पॅरिसचे जॅक बर्तियाँ यांनी मृत्यूच्या कारणांची वर्गवारी मांडली. तिचीच वाढ होत आजची आंतरराष्ट्रीय रोगसूची झाली. त्यांचे भाऊ आल्फोन्स पॅरिसच्या पोलिसांत होते. गुन्हेगार ओळखण्यासाठी शरीराची मापे घेण्याची पद्धत त्यांनी काढली, आणि त्या मापांत डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी होती. एका भावाने मरणाला क्रमांक दिला, दुसऱ्याने बोट मोजले. बिलात दोन्ही एकत्र आले.

२६/
अमेरिकेत २०१५ च्या ऑक्टोबरपासून वापरात असलेल्या रोगसूचीत 'उजव्या हाताचा ताठरपणा' म्हणजे एम२५.६४१, डाव्या हाताचा एम२५.६४२. म्हणजे १९२३ च्या अनुसूचीतील डावे-उजवे येथे शेवटच्या आकड्यात परतले. फरक एवढाच की आता दोघांचा भाव एक. एम२५.६४९ असाही एक संकेतांक आहे : ताठरपणा हाताचा आहे, पण हात कोणता ते नोंदवलेले नाही. समोर बसलेल्या माणसाचा हात कोणता हे न लिहिण्याची सोय, ही कागदी कारभाराची खास देणगी.

२७/
दर कसा ठरतो? पूर्वी डॉक्टर नेहमी जेवढे घेतात तेवढे, असा ढोबळ न्याय होता. हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ विल्यम श्याओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक वैद्यकीय कामाला लागणारा वेळ, कौशल्य, श्रम आणि ताण यांचे सापेक्ष मूल्य काढले. त्यावर आधारलेली दरपद्धती मेडिकेअरने जानेवारी १९९२ पासून लागू केली. त्यात डॉक्टरचे श्रम, दवाखान्याचा खर्च आणि कायदेशीर जोखमीचा विमा, असे तीन भाग. कोनमापक लावून वीस-बावीस कोन लिहून काढण्याला या तराजूत मिळालेले वजन अगदी थोडे.

२८/
आणि तेही हाती पडेलच असे नाही. ९५८५२ च्या पूर्ण मजकुरात 'स्वतंत्र प्रक्रिया' असे शब्द आहेत. वाचणाऱ्याला वाटेल, या कामाचे पैसे स्वतंत्र मिळतात. अर्थ नेमका उलट आहे. हे काम सामान्यतः मोठ्या कामाचा भाग असते, म्हणून मोठ्या कामासोबत त्याचे वेगळे बिल करू नये. एकट्यानेच केले तर करावे. थाळीचे पैसे घेतल्यावर कोशिंबिरीचे पुन्हा मागू नयेत, तसे. १९९६ पासून मेडिकेअरच्या बिल तपासणीत संकेतांकांच्या जोड्यांचे नियम बसवले गेले आणि तपासणीसोबत लावलेली मोजणी यंत्रच बाजूला काढू लागले.

२९/
नियम निराधार नव्हता. एकाच कामाचे तुकडे करून प्रत्येकाचे पैसे उकळण्याचे प्रकार होत होते आणि सरकारी तिजोरीला त्याची झळ लागत होती. पण त्याची दुसरी बाजू हाताच्या उपचारात बोचते. पूर्ण पंजाची नीट मोजणी म्हणजे पाच बोटे, चौदा सांधे आणि मनगट, प्रत्येकाचे वाकणे आणि सरळ होणे, तेही दोन्ही हातांचे. भरपाईचा दावा, पुन्हा शस्त्रक्रिया करायची की नाही, कामावर परत पाठवायचे की नाही, या सगळ्यांचा आधार तीच मोजणी. जिच्यावर सर्वाधिक भिस्त, तीच बिलात अदृश्य, अशी ही रचना झाली.

३०/
मग सरकारने उलट टोक गाठले. २०१३ पासून मेडिकेअरने थेरपिस्टांना बिलावर रुग्णाच्या अधूपणाची पातळी लिहायला लावली. सात पायऱ्या : शून्य टक्के, १ ते २० च्या आत, २० ते ४० च्या आत, असे करत थेट १०० टक्के. 'वस्तू उचलणे, नेणे, हाताळणे' असा एक प्रकारच त्यात होता. या नोंदीचे वेगळे पैसे नव्हते. ती नसेल तर मात्र बिल परत येई. सहा वर्षांनी, २०१९ च्या आरंभी, ही सक्ती मागे घेतली गेली. २०२० मध्ये हाताच्या स्नायूंची ताकद हाताने तपासण्याचा जुना संकेतांक, ९५८३२, यादीतूनच वगळला गेला. हालचालीचा ९५८५२ राहिला.

३१/
भारतात वाट निराळी. १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम आले; डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. अहवाल १९४४ चा, कामगार राज्य विमा कायदा १९४८ चा. आता भरपाई मालकाच्या खिशातून नव्हे, विमा निधीतून; आणि टक्के ठरवायला वैद्यकीय मंडळ. अनुसूचीतील अवयवांचे टक्के मात्र भरपाई कायद्यातलेच राहिले.

३२/
त्या टक्क्यांना खरा हादरा बसला तो १९७५ च्या डिसेंबरात. ओडिशातील एक सुतार काम करताना पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून काढावा लागला. मालकाचे म्हणणे, अनुसूचीप्रमाणे ७० टक्के. सर्वोच्च न्यायालयाने भरपाई आयुक्तांचा निर्णय कायम ठेवला : एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून नुकसान १०० टक्के. अनुसूची हात मोजत होती. न्यायालयाने धंदा मोजला.

३३/
२०१० मध्ये वाहन अपघाताच्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने हा भेद सविस्तर मांडला. डावा हात गेला तर शारीरिक अपंगत्व ६० टक्क्यांच्या आसपास धरले जाईल. ज्याचा हात गेला तो चालक किंवा सुतार असेल तर कमाईचे नुकसान जवळजवळ १०० टक्के. सरकारी कारकून असेल तर नोकरी कदाचित तशीच राहील आणि कमाईचे नुकसान पुष्कळ कमी भरेल. डॉक्टरने अवयवाचे टक्के सांगावेत. त्यांचे कमाईतील रूपांतर न्यायाधिकरणाने करावे. १८८४ च्या निवेदनातला 'चरितार्थ' हा शब्द येथे कायद्याच्या भाषेत येऊन पोचला.

३४/
आणि शेवटी तो जुना शब्द. भारतात अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर ४० ही सीमारेषा आहे, १९९५ च्या कायद्यातही आणि २०१६ च्या कायद्यातही. आरक्षणासह अनेक सवलतींचे दार तेथे उघडते. ३९ ला ते बंद असते. हाताची तपासणी करताना सरकारी मार्गदर्शक सूत्रे पंजाला ९० गुण देतात : पकडीला ३०, संवेदनेला ३०, ताकदीला ३०.

३५/
पकडीच्या ३० गुणांची वाटणी बोटांवर नाही, कामांवर आहे. अंगठा इतर बोटांसमोर येतो का, ८ गुण. किल्ली धरतात तशी बाजूची चिमूट, ५. दांड्यासारखी वस्तू मुठीत धरणे, ६ : मोठी चार इंचांची, लहान एक इंचाची, प्रत्येकी ३. चेंडूसारखी गोल वस्तू धरणे, ६, तशीच दोन मापांत. बोटांचा आकडा करून पिशवी उचलणे, ५. जमत नाही ते गुण अपंगत्वात मिळवले जातात. अर्थशास्त्रात ज्या संदंशाचा दंड ५४ पण होता, त्याची दोन रूपे येथे ८ आणि ५ अशी नोंदली जातात, आणि जिल्हा रुग्णालयातले मंडळ त्यांची बेरीज ४० च्या अलीकडे पडते की पलीकडे ते पाहते.

(धागा समाप्त)